'सेकंड रिॲलिटी' : चित्रफीत की प्रयोग?

'सेकंड रिॲलिटी'वर लिहिणारे बहुतेकजण तिची चित्रफीत पाहून लिहितात. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो. फिनलंडमधील 'फ्यूचर क्रू' या गटाच्या या रचनेने १९९३च्या 'असेंब्ली' मेळाव्यात पीसी डेमोंची स्पर्धा जिंकली. डेमो म्हणजे चित्रपट नव्हे. ती आज्ञावली असते. संगणक तिच्यातील दृश्ये आपल्यासमोर, त्या क्षणी घडवतो आणि संगीताशी ताल राखतो. चित्रफीत म्हणजे नाटकाचे चित्रीकरण : प्रयोग झाला होता याचा पुरावा, पण प्रयोग नव्हे.

हा भेद नुसता शाब्दिक नाही. तेव्हा डेमोकारांचे लाडके यंत्र होते अमिगा; चित्र-ध्वनीसाठी त्यात खास चिप होत्या. पीसी हे कचेरीतले हिशेबाचे यंत्र. त्यात चित्राचे जवळपास सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडे. 'सेकंड रिॲलिटी'चे सौंदर्य या ओढाताणीत आहे, आणि चित्रफितीत नेमकी तीच पुसली जाते.

वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, गटाने मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. शब्दकोश आणि चिकाटी यांच्या बळावर ती वाचत आलो. शेवटच्या नगरदृश्यात कॅमेऱ्याची वाट आधीच आखून साठवलेली आहे. इमारतींचे पृष्ठभाग मात्र तिथल्या तिथे रंगवले जातात. कोणी याला लबाडी म्हणेल. मला ते दिग्दर्शन वाटते. काय आधी ठरवावे आणि काय क्षणावर सोपवावे, ही निवड म्हणजेच या गटाची शैली.

दोषही सांगितला पाहिजे. आज्ञावलीत प्रत्येक भाग स्वतंत्र आहे आणि पडद्यावरही तसाच जाणवतो. दृश्ये एकामागून एक येतात, पण एका दृश्यातून दुसरे उगवत नाही. सांधण्याचे काम 'पर्पल मोशन' आणि 'स्केव्हन' यांचे संगीत करते. ते बंद केले, तर उरतो कसबाचा नमुनासंग्रह.

या गटाचा वारसा सांगताना कंपन्यांची नावे घेतली जातात. सदस्यांपैकी काहीजण रेमेडीत गेले, काही फ्यूचरमार्कमध्ये. ग्राफिक्स चिपचा आधार नसताना चित्रे घडवणाऱ्यांपैकी काहींनी पुढे ग्राफिक्स कार्ड जोखण्याचे माप तयार केले, हे गमतीचे खरेच. पण मला मोलाचा वाटतो तो 'स्क्रीम ट्रॅकर'. स्वतःचे संगीत रचण्याचे अवजार त्यांनी इतरांच्याही हाती दिले.

२०२० मध्ये फिनलंडने डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. यादीत नोंदली गेली ती परंपरा. कृती जपण्याचे काम त्यामुळे संपत नाही. आजच्या संगणकावर 'सेकंड रिॲलिटी' थेट चालत नाही. जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर लागते. म्हणून ग्रंथालयांनी चित्रफितीवर समाधान मानू नये. आज्ञावली, ती चालवणारी नक्कल आणि शक्य तिथे मूळ यंत्रही जपावे. प्रयोग लावता येतो तोवरच त्याची समीक्षा करता येते. पुढे उरतात त्या आठवणी.