किल्ल्यावर रयत हवी

(पणदरे येथे दिवाळीनंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, 'दिवाळीच्या किल्ल्यावरची माणसं'. आमचं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. आता हे मातीच्या चित्रांवर काय बोलणार, अशी शंका कुणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. पण खेळणं ही वाटते तेवढी साधी वस्तू नव्हे. रोलाँ बार्थ नावाच्या फ्रेंच समीक्षकाचं १९५७ सालचं 'मिथॉलॉजीज' हे पुस्तक आहे. त्यात खेळण्यांवर एक छोटा लेख आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठ्यांचं जग आहे तसं आकसून पोरांच्या हातात दिलेलं असतं. सैन्य, टपाल, दवाखाना, शाळा. पोरानं ते फक्त वापरायचं, नवं काही घडवायचं नाही.

आपला किल्ला मात्र या टीकेतून बराचसा सुटतो. तो विकत मिळत नाही, करावा लागतो. दगड, विटा, गोणपाट, चाळलेली माती. उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवं दिसतं. एका बाजूला भुयार, एका बाजूला तळं, तळ्यात फुटक्या आरशाचा तुकडा. एवढं सगळं पोरं स्वतः करतात. विकत आणायची ती फक्त चित्रं. आणि बार्थची टीका लागू पडते ती नेमकी तिथं. कारण कुठली चित्रं मिळणार हे बाजार ठरवतो.

मिळतं काय? सिंहासनावर महाराज, दाराशी भालदार-चोपदार, मग मावळे. ढाल-तलवारीचा मावळा, भाल्याचा मावळा, घोडेस्वार, तोफ डागणारा. वाघ, सिंह, हत्ती. आणि एखाद्या कोपऱ्यात डोक्यावर घागर घेतलेली गवळण, खांद्यावर नांगर टाकलेला शेतकरी, क्वचित वासुदेव. मावळे घ्यावेत तेवढे मिळतात. गवळण एक. दुकानदाराकडं सुतार मागा, तो तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

आता आमचा मुद्दा सांगतो. ज्या किल्ल्यावर फक्त शिपाई आहेत, तो किल्ला अर्थाच्या दृष्टीनं रिकामा आहे. शिपाई हा शब्दच अपुरा आहे बघा. राखणदार म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कुणाचा? कशाचा? राखायचं ते डोळ्यांसमोर नसेल तर राखणदाराच्या हातात नुसतं हत्यार उरतं. मग पोरगं त्या चित्राशी काय खेळणार? एक पाडायचा, दुसरा उभा करायचा. दुसरा खेळ त्याला सुचणारच नाही, कारण दुसऱ्या खेळाला लागणारी माणसंच तिथं नाहीत.

कुणी म्हणेल, सर, किल्ला ही लष्करी जागा, तिथं सुताराचं काय काम? याचं उत्तर आमचं नाही, रामचंद्रपंत अमात्यांचं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं त्यांचं 'आज्ञापत्र' उघडा. गडांविषयीच्या प्रकरणात गडावर कोण असावं हे सांगितलंय. ज्योतिषी, वैदिक आहेत. रसायन जाणणारे वैद्य आहेत, झाडपाल्याचे वैद्य वेगळे आहेत, जखमा बांधणारे आहेत. लोहार, सुतार, पाथरवट, चांभार आहेत. आणि याच्याही पुढं जाऊन अमात्य केराविषयी बोलतात. केर गडाखाली ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा, आणि ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करायचा. म्हणजे गडावर घर आहे, घराला परसू आहे, परसात भाजी आहे, आणि ती भाजी लावणारं कुणीतरी माणूस आहे. आपल्या मातीच्या किल्ल्यावर ते माणूस कुठाय? अळीव मात्र आपण इमानानं पेरतो!

रायगडावर गेलेल्यांनी बाजारपेठेचे अवशेष पाहिले असतील. समोरासमोर दोन लांबच लांब रांगा, उंच जोती. घोड्यावर बसून खरेदी करत म्हणून जोती उंच, असं तिथं सांगतात. ते खरं असो नसो, प्रत्येक गाळ्यात बसणारा माणूस तर होताच. आणि हिरकणीची गोष्ट आठवा. दंतकथा असेल, पण तिचा गाभा काय आहे? दूध घालायला आलेली बाई, संध्याकाळी मिटलेले दरवाजे, आणि खाली घरी तान्हं मूल. आपल्या सगळ्यांत लाडक्या किल्ल्याची सगळ्यांत लाडकी गोष्ट एका दूधवालीची आहे. तिच्या हातात तलवार नाही.

याहून मोठा पुरावा महाराजांच्या पत्रव्यवहारात आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं ते पत्र तुम्हाला ठाऊक असेल. वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुमची माणसं रयतेकडं जातील, कुणी दाणा आणील, कुणी गवत, कुणी भाजीपाला, आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील. पत्र लष्कराला आहे, पण पत्राच्या मध्यभागी शेतकरी उभा आहे. ज्याच्या भाजीला हात लावायचा नाही, तो शेतकरीच आपल्या किल्ल्यावर नसेल तर मावळ्याचं शील दिसणार कशात? मावळा मोठा होतो तो रयतेच्या शेजारी.

ही ओढ फक्त आपली आहे असं समजू नका. युरोपात लेगो कंपनीनं आपला पहिला मध्ययुगीन किल्ला १९७८ मध्ये काढला. त्यात सरदार आणि शिपाई. पुढं कधी एखादा लोहार, एखादी खानावळ आली, पण बहुतेक वर्षं पेट्यांमध्ये तलवारवालेच जास्त. ती खेळणी जमवणारी माणसं आता वयानं मोठी झाली, घरात भला थोरला किल्ला उभा केला, आणि त्यांच्या लक्षात आलं की याला गाव नाही. मग शेतकरी हवेत, बाजारातल्या बायका हव्यात, भटारी हवा, अशी मागणी सुरू झाली. २००९ मध्ये कंपनीनं मध्ययुगीन बाजाराचं गाव काढलं, त्यात गायीसुद्धा होत्या. जमवणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. सरदारांच्या पलटणी आधीच जमलेल्या होत्या. पलटण कितीही मोठी केली तरी तिचं गाव होत नाही.

आपल्या शेजारी तर हे फार आधीपासून आहे. तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, गोलू म्हणतात त्याला. तिथं देव आहेत, राजे आहेत, आणि त्यांच्याबरोबर चेट्टियार, म्हणजे वाणी, आणि त्याची बायको हवीच. पुढ्यात तांदूळ, डाळी, मसाले यांचं छोटंसं दुकान. देवांच्या आरासीत वाण्याला मानाची जागा आहे. आमच्या किल्ल्यावर ती का नसावी?

इथपर्यंत तुम्ही माना डोलावताय. आता थोडं अवघड बोलायचंय.

समजा कारागिरांनी आपलं ऐकलं आणि 'बारा बलुतेदार' असा एक संच काढला. लोहार ऐरणीशी, कुंभार चाकाशी, न्हावी धोपटी घेऊन. दिसायला सुरेख. आपलं समाधान झालं का? आमचं नाही. कारण बलुतं हा केवळ धंदा नव्हता, ती जात होती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला. तो वाचा. गावाचं चाक कसं फिरत होतं हे त्यात आहे, आणि ते फिरताना कसं कुरकुरत होतं हेही आहे. बारा जण हसतमुखानं ओळीत उभे केले की ती कुरकुर ऐकू येईनाशी होते.

मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथं मातीच्या छोट्या माणसांच्या प्रतिकृती आहेत, निरनिराळ्या जमाती, निरनिराळे धंदे. काम फार नाजूक. पण त्यामागची नजर इंग्रजी अमदानीतली आहे. हा अमुक जातीचा नमुना, हा तमुक जातीचा नमुना. त्या काचेच्या पेटीत माणूस एकटा आहे. त्याचं कुणाशी देणं-घेणं नाही. आमची तक्रार कारागिरीवर नाही, मांडणीवर आहे. नमुना म्हणून उभा केलेला माणूस खेळाच्या कामाचा नसतो.

आणि दुसरा प्रश्न. त्या बारांतून बाजार कुणाला वगळतो? सोनार असतो, सुतार असतो. बलुतेदारांत महार होते, मांग होते. गावाची शीव त्यांना पाठ, सांगावा त्यांनी न्यायचा, दोर त्यांनी वळायचा. त्यांची चित्रं आम्हाला तरी कुठल्या दुकानाच्या फळीवर दिसली नाहीत. विकणाऱ्याला संकोच वाटत असेल, घेणाऱ्यालाही. पण तो संकोच तसाच ठेवून रयत पुरी होईल का?

परंपरा चोखोबांच्या शेवटाविषयी काय सांगते ते इथं सांगतो. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं, आणि तिथं राबायला चोखोबा होते. ती भिंत कोसळली. तिच्याखाली ते आणि बरोबरची कामकरी माणसं गेली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वाराशी समाधी झाली. मंडळी, दरवर्षी आपण पोरांबरोबर तट रचतो. तट रचताना ढासळतो, पोरं हसतात, पुन्हा रचतात. हसू द्या. पण तट ही कुणीतरी पाठीवर दगड वाहून रचलेली गोष्ट आहे, हे त्या मातीच्या किल्ल्यावर कुठंच दिसत नाही. बुरुजावर उभा राहणारा दिसतो, बुरुज चढवणारा दिसत नाही. खुद्द रायगडावर, जगदीश्वराच्या पायरीशी, गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव दगडात कोरलेलं आहे. म्हणजे बांधणाऱ्याला जागा द्यायची रीत आपल्याकडं आहे. ती मातीत आणायची राहिली.

मग चित्रं करायची कशी? आम्हाला वाटतं, आपल्या भाषेनं याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. युरोपातला मध्ययुगीन शेतकरी बहुधा निनावी. आपल्याकडं नावं आहेत, आणि नावांना धंदे चिकटलेले आहेत. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. दळणारी जनाबाई. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, तेव्हा हीच नावं रस्त्यानं चालत असतात. तुकोबांची मूर्ती कुठंही मिळते, हातात वीणा असते. पण तुकोबा देहूचे वाणी होते, दुकान होतं, दुष्काळात ते बुडालं. हातात तराजू असलेले तुकोबा तुम्ही कधी पाहिलेत? भक्तीला त्यानं उणेपणा येणार नाही. उलट आमच्या किल्ल्याच्या पायथ्याला एक दुकान येईल, आणि त्या दुकानात बसलेला माणूस कोण हे पोरगं विचारील.

आणि जवळचंच बघा. बारामतीचे मोरोपंत. १७२९ साली जन्मले कुठं? पन्हाळगडावर. बालपण गडावर, अध्ययन गडावर, मग बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत आले आणि जन्मभर लिहीत राहिले. गडावर जन्मलेला, हत्यार न धरणारा माणूस आपल्या तालुक्यात होऊन गेला. पन्हाळ्याचा किल्ला करणाऱ्या पोराला आपण सिद्दी जौहरचा वेढा सांगतो. सांगायलाच हवा. त्याच गडावर पुढं एक मुलगा पाठ म्हणत बसला होता, एवढंही सांगावं.

इकडचा आपला मुलूख सपाट. डोंगरी किल्ला दिसायला लांब जावं लागतं. इंदापूरला मालोजीराजांची गढी, सुप्याचा परगणा, शहाजीराजांची जहागीर ती हीच. इथं राहणाऱ्यांत लढणारे होते, पण नांगरणारे, मोट हाकणारे, विणणारे कितीतरी अधिक. आपण बहुतेक जण त्यांचे वंशज. पोरं किल्ला करतात तेव्हा मावळ्यात स्वतःला बघतात, छान आहे. पण आपल्या पणजीला त्या किल्ल्यावर जागा नाही, हे बरं नव्हे.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची. चित्र काम करताना दाखवा, नुसतं उभं नको. दोन चित्रं एकमेकांच्या कामाची करा. फाळ घेऊन आलेला शेतकरी आणि लोहार, दळण घेऊन बसलेली बाई आणि जातं. आणि मापं जुळू द्या. मावळा बोटाएवढा आणि गवळण बुरुजाएवढी, असं असलं की पोरगं तिला खेळात घेत नाही, शोभेला कडेला ठेवतं.



(व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारले: सर, पोरांना लढाईच आवडते. सुतार आणून दिला तरी ती त्याच्याशी खेळतील का?)

चांगलं विचारलंत. लढाई आवडते, कारण लढाईत काहीतरी घडतं. म्हणून सुतार नुसता देऊ नका. किल्ल्याच्या दरवाजाची एक फळी मोडून ठेवा, शेजारी सुतार ठेवा, आणि आपण बाजूला व्हा. गनीम खिंडीत आलाय, दरवाजा व्हायचाय. आता पोराला मावळ्याइतकीच सुताराची गरज आहे. पुढचं ते बघून घेईल.