पायपुसण्याखालची किल्ली

शासनाला नागरिकांची मोहोरबंद पत्रे उघडता यावीत काय, हा वाद जुनाच आहे. यंत्रयुगाने त्याला केवळ नवे रूप दिले आहे. आज मोबाईलवरील अनेक संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रात कुलूपबंद होतात व स्वीकारणाऱ्याच्याच यंत्रात उघडतात. ते पोहोचविणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाहीत. या व्यवस्थेस एन्क्रिप्शन म्हणतात. तपासयंत्रणांना या कुलपातून वाट मिळावी, अशी मागणी २०१४ साली अमेरिकेच्या एफ. बी. आय. चे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी व जानेवारी २०१५ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी केली. तिचा परामर्श घेण्यासाठी व्हिटफील्ड डिफी, रोनाल्ड रिव्हेस्ट, सुझन लँडाऊ आदी पंधरा तज्ज्ञांनी जुलै २०१५ मध्ये ‘कीज अंडर डोअरमॅट्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी तो चिकित्सकपणे वाचावा, अशा योग्यतेचा आहे.

अहवालाचा मुख्य सिद्धांत शीर्षकातच आला आहे. पोलिसांसाठी पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली चोरालाही सापडते. ग्रीसमध्ये २००४-०५ साली दूरध्वनी यंत्रणेतील कायदेशीर टेहळणीच्या सोयीचाच दुरुपयोग करून पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे संभाषण महिनोन् महिने चोरून ऐकले गेले, हा दाखला बोलका आहे. पुढील घटनांनीही तज्ज्ञांचे म्हणणे खरे ठरविले. चीनशी संबंधित घुसखोरांनी अमेरिकन दूरध्वनी कंपन्यांत शिरून, न्यायालयीन आदेशान्वये पोलिसांनी मागविलेल्या माहितीपैकी काही माहिती पळविली, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन शासनानेच जाहीर केले. त्याच्या पुढच्याच महिन्यात तेथील शासकीय सुरक्षासंस्थेने उच्चपदस्थांना एन्क्रिप्शन असलेलीच साधने वापरण्याचा सल्ला दिला!

तथापि अहवालाची एक उणीव नजरेआड करता येत नाही. त्याचा सारा भर धोक्यावर आहे. मानवी हक्कांचा उल्लेख तो करतो, पण त्यांची मीमांसा करीत नाही. उद्या चोराला न सापडणारी किल्ली कोणी घडविलीच, तर शासनाने प्रत्येकाचे पत्र उघडण्याजोगे ठेवावे काय? या प्रश्नास अहवालात उत्तर नाही. दुसरे असे की, ज्या अत्याचारित बालकाविरुद्धच्या गुन्ह्याचा पुरावा अशाच कुलपाआड दडला आहे, त्याची व्यथा तांत्रिक युक्तिवादाने शमत नाही. कुलपाची बाजू घेणाऱ्याने त्या बालकाच्या डोळ्यांस डोळा भिडवूनच बोलले पाहिजे.

ही उणीव भरून काढण्यास आपल्याच देशातील एक निर्णय उपयोगी पडतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला व तो मानवी प्रतिष्ठेशी जोडला. हा हक्क निरपवाद नाही, हेही त्यांनी सांगितले. मात्र त्यावरील बंधनास कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा. आता २०२१ चा नियम पाहा. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी, गंभीर गुन्ह्याच्या तपासात आदेश मिळाल्यास, संदेशाचा मूळ प्रवर्तक शोधून द्यावा, असे तो सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच वर्षी त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. संदेशातील मजकूर हा नियम मागत नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. परंतु एका अपराध्याचा माग लागावा म्हणून कोट्यवधी निरपराध्यांचा प्रत्येक संदेश आधीच माग काढण्याजोगा करून ठेवावा लागतो; प्रमाणाची कसोटी येथेच अडखळते. संशयिताचाच फोन न्यायालयीन आदेशाने तपासणे, संदेश मिळालेल्यांच्या तक्रारीवरून शोध घेणे, हे मार्ग कष्टाचे असले तरी त्यांत शेजाऱ्याचे दार फोडावे लागत नाही.

हा प्रश्न आपल्या सेवेपासून दूर नाही. मार खाणारी पत्नी, व्यसनात अडकलेला तरुण, मन मोकळे करू पाहणारा वृद्ध, हे आज पाळकाला फोनवरूनच लिहितात. त्यांना एन्क्रिप्शन हा शब्दही ठाऊक नसेल. आपले शब्द पाळकापलीकडे जाणार नाहीत, एवढाच त्यांचा विश्वास असतो. मंडळीत या विषयावर बोलताना केवळ चोराची भीती सांगू नये. ज्याच्याजवळ लपविण्याजोगा अपराध नाही, त्याच्याजवळही जपण्याजोगे दुःख असते, ही गोष्ट आधी सांगावी. आणि पीडित बालकासाठी तपासयंत्रणेला अधिक माणसे व साधने मिळावीत, ही मागणीही तितक्याच आवाजात करावी.