सीमेवरच्या बाटलीचे रसग्रहण

फ्रेंच वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव सहसा नसतेच. शाब्ली, सांसेर, बोझोले ही सारी गावांची आणि मुलखांची नावे. शाब्ली म्हणजे शार्दोने द्राक्ष आणि बोझोले म्हणजे गामे, हे गिऱ्हाइकाने मुळातच जाणावे अशी अपेक्षा. देवगडचा म्हटल्यावर आपल्याकडे हापूस वेगळा सांगावा लागत नाही, तसेच हे. या रिवाजाला फटकून वागणारा मुलूख म्हणजे आल्सास. तिथल्या बाटलीवर रीसलिंग, सिल्व्हानेर, मुस्का असे द्राक्षाचे नाव ठळक अक्षरांत असते. ही शेजारच्या जर्मनीची रीत. बाटलीही ऱ्हाईनकाठच्या वळणाची, उंच आणि निमुळती. १९७२ पासून तर आल्सासची वाइन अशाच बाटलीत आणि आल्सासमध्येच भरली पाहिजे, असा कायदा आहे.

सीमाभागातल्या वाचकाला हा मुलूख चटकन ओळखीचा वाटेल. १८७१ साली तो जर्मनीत गेला, १९१८ साली फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये हिटलरने गिळला आणि १९४५ पासून पुन्हा फ्रान्सचा. १९९४ साली मी फ्रेंच शिकायला वर्षभर स्ट्रासबुर्गला होतो. ज्या घरी राहिलो तिथल्या आजीबाईंचा जन्म १९१०चा. गाव न सोडता त्यांच्यावरचे राज्य तीनदा बदलले. शाळा आधी जर्मन, मग फ्रेंच. चाळीस साली फ्रेंच बोलायला बंदी, तर युद्धानंतर शाळेत मुलांच्या तोंडी आल्सासी बोली आली की मास्तर डोळे वटारणार. आजीबाई स्वयंपाकघरात, मांजराशी आणि देवाशी आल्सासीच बोलत. मी बेळगावचा, मला यातले काही समजावून सांगावे लागले नाही.

आमच्या घरात वाइन आणि दारू यांत भेद नव्हता, अजूनही फारसा नाही. तेव्हा माझी जी काही दीक्षा झाली ती आजीबाईंच्या तळघरात. वाइनवरची जाडजूड पुस्तके वाचकाला ‘ग्रां क्रू’ या मानाच्या ५१ मळ्यांमागे धावायला लावतात. आजीबाई बाटली निवडत ती महिना आणि चुलीवरचे भांडे पाहून. माझ्या मते साध्या घराला हीच पद्धत धार्जिणी आहे.

तिकडची सुगी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पश्चिमेचा पाऊस वोझच्या डोंगरात अडतो, त्यामुळे पायथ्याचे कोल्मार हे फ्रान्समधल्या अगदी कोरड्या शहरांपैकी एक. खानापूर भिजते आणि अथणी कोरडी राहते, त्यातलाच प्रकार. अथणीकडे द्राक्षे होतात हेही उगीच नव्हे. सुगीत अर्धवट आंबलेला गढूळ रस ताज्या अक्रोडांबरोबर पितात. नीरेसारखीच त्याची घाई. बूच घट्ट लावले तर बाटली फुटायची. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकदम अवतरणारी बोझोले नूव्हो ही याच नवलाईची जाहिरातबाज बहीण. मला ती उथळ वाटते, पण ठरल्या मुहूर्तावर निघणाऱ्या दिवाळी अंकात लिहिणाऱ्याने तिला फार नावे ठेवू नयेत.

हिवाळा रीसलिंगचा. मिठात आंबवलेला कोबी डुकराच्या मांसाबरोबर शिजवून ताटात येतो. पहिल्या घासाला मी थबकलो, हे कबूल करतो. मग रीसलिंगचा घोट घेतला आणि जेवणाचा अर्थ लागला. आंबट कोबीपुढे गोडसर वाइन मुळमुळीत पडते. रीसलिंगला स्वतःचीच लिंबासारखी आंबट धार असते, ती कोबीला पुरून उरते आणि चरबीचा चिकटा जिभेवरून धुऊन काढते. एकट्याने प्यायली तर ही वाइन कडक मास्तरांसारखी वाटते. तिला जेवण लागते.

मे महिन्यात शतावरीच्या कुळातले पांढरे कोंब बाजारात येतात, त्यांच्या जोडीला मुस्का. वास पिकल्या द्राक्षाचा गोड, पण चव कोरडी, म्हणून नाक आधी फसते. उन्हाळ्यात कांद्याच्या पुडाबरोबर सिल्व्हानेर. तहान भागते, आठवण राहत नाही.

आता एक तक्रार. गेव्युर्त्सट्रामिनेर ही आल्सासची सर्वांत सुवासिक वाइन. वास गुलाबाचा, लिचीचा. नावातल्या ‘गेव्युर्त्स’चा अर्थ मसाला. ट्रामीन हे दक्षिण टिरोलमधले गाव. पहिल्या महायुद्धानंतर ते ऑस्ट्रियाकडून इटलीत गेले आणि आज दोन नावांनी ओळखले जाते, म्हणजे द्राक्षाचे नावही सीमाभागातलेच. जर्मन लिपीत या शब्दाच्या एका अक्षरावर दोन टिंबे आहेत. फ्रेंच ती गाळतात. टिंबांचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगायला नको. तर या ‘मसाल्या’वर भुलून पुस्तके लिहितात की भारतीय जेवणाबरोबर हीच घ्या. मी दोन बाटल्या बेळगावी आणल्या आणि एक मटणाच्या तांबड्या रश्शाबरोबर उघडली. अत्तर आणि मिरची! या वाइनमध्ये मद्यार्क चांगलाच चढा आणि आंबटपणा कमी. मद्यार्काने तिखटाची आग वाढते आणि विझवायला काही उरत नाही. दुसरी बाटली आम्ही जेवणानंतर नुसतीच घेतली, तेव्हा तिचे खरे रूप दिसले. आजीबाई ती मुन्स्टर नावाच्या उग्र वासाच्या चीजबरोबर, वर शहाजिऱ्यासारखे दाणे भुरभुरून देत. तो जोड पुस्तकांतही आहे आणि तिथे पुस्तके बरोबर आहेत.

दुसरी तक्रार आता निवळली आहे. आल्साससारखा सगळे काही लिहून सांगणारा मुलूख बाटली गोड की कोरडी हे मात्र सांगत नसे. कोबीसाठी आणलेली रीसलिंग गोड निघाली की जेवण फसलेच. २०२१ च्या सुगीपासून ते लेबलावर छापणे सक्तीचे झाले. उशिराच झाले, पण झाले.

आजीबाईंच्या तळघरात ‘तोके’ नावाच्या बाटल्याही होत्या. ते नाव हंगेरीच्या तोकाय मुलखाचे. त्यांनी हक्क सांगितला आणि २००७ पासून आल्सासला ते लावता येत नाही. आता लेबलावर पिनो ग्री असते. द्राक्ष तेच, मळे तेच. आजीबाई असत्या तर तोकेच म्हणाल्या असत्या. मीही पत्रावर अजून बेळगावच लिहितो, आणि पत्र पोचते.