पटावरची लढाई आणि खेळणाऱ्याची खुर्ची

कादंबरी वाचताना कथा कोणाच्या तोंडून सांगितली जात आहे हे आपण प्रथम पाहतो. ऐतिहासिक युद्धखेळांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मेजावर पट मांडावा, त्यावर शिशाचे सैनिक किंवा पुठ्ठ्याच्या सोंगट्या ठेवाव्या, फासे टाकावे आणि एखादी जुनी लढाई नव्याने लढावी, असा हा खेळ. त्याला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु यालाही निवेदक असतो, आणि तो नियमपुस्तिकेत दडलेला असतो. कोणाची बंदूक किती लांब मारा करते, कोणती तुकडी किती मार खाऊन मोडते, कोणाला हुकूम लवकर पोचतो, हे त्याने आधीच ठरविलेले असते. म्हणून युद्धखेळाची समीक्षा करावयाची ती नियमांची करावी, सोंगट्यांच्या रंगरूपाची नव्हे.

आपल्या बुद्धिबळात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे दोन्ही बाजूंस सारखेच बळ दिलेले असते. फरक पडतो तो खेळणाऱ्याच्या बुद्धीचा. इतिहासाशी इमान राखू पाहणाऱ्या खेळाला ही सोय नाही. १८२४ साली प्रशियाच्या राइसव्हिट्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ लष्करी शिक्षणासाठी सिद्ध केला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या तोफांची लढाई घराच्या फरशीवर आणली, आणि त्याच पुस्तकाच्या अखेरीस खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर बोटही ठेवले. त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने आमच्या या मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या.

दोन बाजू असमान दाखवावयाच्या, तर ती असमानता कोठून आली हे सांगण्याची जबाबदारी नियमकर्त्यावर येते. वसाहतींच्या काळातील लढायांवर बेतलेले पुष्कळ खेळ ही जबाबदारी टाळतात. लॅरी ब्रॉम या अमेरिकन गृहस्थाने १९७९ मध्ये लिहिलेली ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ ही नियमावली या वर्गात फार लोकप्रिय झाली. तिच्यात गंमत आहे, वेग आहे, आणि त्यामुळेच तिचे चाहते जगभर आहेत. पण या वर्गातील खेळांचा सामान्य साचा असा की गोऱ्यांची पलटण शिस्तीने गोळ्या झाडते आणि ‘नेटिव्ह’ मंडळी झुंडीने धावून येतात. एका खुर्चीत सेनापती बसतो. दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या वाट्याला केवळ लाट होणे येते.

हा साचा खरा की खोटा, हे पारखण्यासाठी मराठी माणसाजवळ उत्तम कसोटी आहे. ती म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई. आज जालना जिल्ह्यात असलेल्या त्या गावाजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे व नागपूरकर भोसले यांची फौज उभी होती. समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरुड अशी दोन गावे पाहून, तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क आर्थर वेलस्लीने केला आणि बगलेवर येण्यासाठी नदी ओलांडली. हा तर्क प्रत्येक इंग्रजी वर्णनात येतो. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक विलक्षण आहे. पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पायदळाने आपली सारी रांग फिरवून नव्या दिशेला तोंड केले, आणि तोफखान्याने अशी आग ओकली की कंपनीच्या सुमारे सात हजारांपैकी जवळजवळ सोळाशे माणसे मृत वा जखमी झाली. झुंडीला असे वळता येत नाही. ज्या नियमांत शिंद्यांच्या पलटणींना ही हालचाल साधत नाही, ते नियम असईचे नव्हेत. ते असईविषयीच्या एका समजुतीचे आहेत.

चेन्नईत ही लढाई मांडताना तिला आणखी एक पदर सुटतो. वेलस्लीच्या फौजेत मद्रासच्या देशी पायदळाच्या पाच पलटणी आणि देशी घोडदळाची तीन पथके होती. आजही मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आहे, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीत ज्या गावी आहे त्याचे नाव वेलिंग्टन. आमच्या बिऱ्हाडी काही रविवारी तिघेचौघे स्नेही जमतात. मागे असई मांडली तेव्हा शिंद्यांचा तोफखाना माझ्याकडे आला आणि मद्रासी पलटणी एका तमिळ मित्राने हौसेने मागून घेतल्या. तासाभराने तो म्हणाला, “अहो, मला ठरवायला काहीच नाही. वेलस्ली सांगतो तेथे जायचे आणि मरायचे.” खेळाविषयी इतकी नेमकी टीका मी कोठे वाचलेली नाही. विरुद्ध बाजूच्या देशी सैनिकाला निदान खुर्ची तरी मिळते. कंपनीच्या बाजूच्या देशी शिपायाला तीही नाही.

पटाच्या कडेबाहेर जे राहते ते तर याहून मोठे आहे. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की मराठ्यांची शस्त्रे वा कवायत मागासलेली नव्हती. पारडे फिरले ते कंपनीच्या पैशामुळे आणि शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकारी फोडले गेल्यामुळे. हे फोडणे कोणत्या फाशाने दाखवावयाचे? लढाई सुरू होण्यापूर्वीच तिचा एक भाग हिशेबाच्या वहीत लढला गेला होता, आणि ती वही मेजावर येत नाही.

वही मेजावर आणणारा एक खेळ मात्र आहे. रिचर्ड बर्ग यांचा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा १९७९ चा वाळवंटी युद्धाचा खेळ संपण्यास सुमारे दीड हजार तास लागतात असे सांगतात. प्रत्येक बाजूस पाच माणसे, आणि त्यांतील एकाकडे केवळ रसद. इंधन, दारूगोळा, पाणी यांच्या नोंदी करणारी ही व्यक्ती आम्हां कारकुनांना सख्ख्या भावासारखी वाटावी. त्यात इटालियन पलटणींना पास्ता उकळण्यासाठी जादा पाणी द्यावे लागते. बर्ग यांनी हा नियम थट्टेने घातला होता. थट्टा असो, पण शिपाई काय खातो हा प्रश्न तेथे निदान पटावर आला.

तो प्रश्न कुट-अल-अमारा येथे विचारून पाहावा. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तेथे वेढ्यात सापडलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले, आणि हिंदी शिपायांनी धर्मभावनेने ते दीर्घकाळ नाकारले. उपासमारीने ते खंगले. पटावर ही गोष्ट ‘बळ एकाने कमी’ एवढीच उमटेल. १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुक पडले तेव्हा कैद झालेल्यांत एक मराठा पलटण होती. तीही वाळवंटाच्या पटावरून उचललेली एक सोंगटी.

म्हणून हे खेळ टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. इतिहासाच्या पुस्तकात निकाल आधीच ठाऊक असतो. पटावर तो क्षणभर अनिश्चित होतो, आणि पराभूतांपुढेही पर्याय होते हे कळते. हे शिक्षण दुसरीकडे सहज मिळत नाही. मात्र खेळाची योग्यता ठरविताना तीन प्रश्न विचारावे. दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याला खरोखर काही ठरवावयाचे आहे काय? असमानता दाखविली असेल तर तिचे कारण नियमांत आहे, की केवळ कातडीच्या रंगात? आणि ज्याच्या नावाची सोंगटी आहे त्याच्या भाकरीची नोंद कोठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे देणारे नियम आपल्यालाही लिहिता येतील; त्यासाठी मोडी दफ्तरे आणि मद्रासच्या पलटणींचे इतिहास हाताशी आहेत. तिसऱ्याचे उत्तर ज्या दिवशी कोणी पटावर मांडील, त्या दिवशी या खेळाला साहित्याच्या शेजारी बसण्याचा अधिकार मिळेल.