आकारनामे आणि बालक्रीडा : एक भाषिक परामर्श

घनाकृतींची नावे बालकांस खेळातून शिकवावीत, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. परंतु एखादे मत सर्वमान्य झाले की त्याची तपासणी थांबते. सपाट पत्त्यावर छापलेला घन दाखवून ‘हे काय?’ असे विचारावयाचे आणि उत्तर जुळल्यास टाळ्या वाजवावयाच्या, यासही आपल्याकडे खेळ म्हटले जाते. वस्तुतः ही तोंडी परीक्षाच होय. खेळातून नाव शिकले जाते ते नेमके केव्हा, याचा विचार येथे भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

या पद्धतीची परंपरा मोठी आहे. फ्रोबेलच्या दुसऱ्या ‘देणगी’त लाकडी गोल, घन व वृत्तचिती असत. घन दोऱ्यास टांगून वेगाने फिरविला की त्याच्या ठायी वृत्तचितीचा भास होई. माँटेसोरीबाईंनी भौमितिक घनांचा संच सिद्ध करून डोळे बांधून स्पर्शाने ओळखण्याचा खेळ त्यास जोडला, आणि सेगँचा त्रिपदी पाठ स्वीकारला : प्रथम नाव सांगावे, मग नावावरून वस्तू निवडवावी, शेवटी वस्तूवरून नाव वदवावे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी (१९४५) आणि नंतर कोसबाड (१९५७) येथे महाग साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया अशा परिसरातील वस्तू आणल्या.

या दोन मार्गांत फरक केवळ खर्चाचा नाही. तो भाषिकही आहे. माँटेसोरींच्या लाकडी शंकूस घरात दुसरे नाव नसते, म्हणून ‘शंकू’ हे नाव त्यास चटकन चिकटते. मात्र ते त्या एकाच लाकडास चिकटून राहण्याचा धोका असतो. उलट भोवऱ्यास नाव आधीच असते. ज्या वस्तूचे नाव ठाऊक आहे तिला दुसरे नाव लावण्यास लहान मुले नाखूष असतात, हे मार्कमन व वॉक्टेल यांनी १९८८ साली प्रयोगांनी दाखविले. भोवरा हातात धरून ‘हा शंकू’ म्हटल्यास ‘नाही, भोवरा!’ हे उत्तर म्हणूनच हट्टाचे मानता येत नाही. आकारनाम हे वर्गनाम आहे. भोवरा, विदूषकाची टोपी आणि मेंदीचा कोन एकत्र ठेवल्याशिवाय त्याची गरजच उत्पन्न होत नाही.

मराठीपुरती अडचण आणखी खोल आहे. बोलीत बांगडी गोल, ताट गोल आणि चेंडूही गोल. पाठ्यपुस्तकात मात्र ‘गोल’ हे नाम चेंडूच्या आकारासाठी राखलेले; बांगडीकडे ‘वर्तुळ’ आले. ताटास गोल म्हणणाऱ्या मुलास चूक ठरविले जाते, तेव्हा त्याचे मराठी चुकलेले नसते. शिवाय नवी मुंबईसारख्या बहुभाषिक नगरात आइस्क्रीमचा ‘कोन’ आधी परिचित होतो आणि त्रिकोणाचा ‘कोन’ नंतर भेटतो. या दोन समोच्चारित शब्दांची टक्कर शिक्षकाने गृहीत धरली पाहिजे.

‘इष्टिकाचिती’ हा शब्द अवघड म्हणून टाळण्याकडे कल असतो. तथापि इष्टका म्हणजे आपली वीटच, आणि चिती म्हणजे रचलेली रास. भास्कराचार्यांच्या लीलावतीत विटांच्या राशींचे गणित ‘चिती’ या नावानेच येते. शंकू म्हणजे मुळात खुंटी. ही नावे रचणे, ठोकणे अशा कृतींच्या सोबतीने वाढली आहेत. ती कृती हरवली की उरतो तो केवळ जड शब्द. रिकाम्या काडेपेट्यांची चळत रचणारे मूल चितीचा अर्थ हातांनी जाणते. कणकेचा गोळा लाटून पोळी करताना ‘गोळा’ आणि ‘वर्तुळ’ यांतील भेदही त्याच्या डोळ्यांदेखत घडतो.

यावरून खेळाची एक कसोटी सुचते : नावावाचून खेळ अडतो काय? उतरत्या फळीवरून वस्तू सोडाव्यात. चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो, लाटणे आडवे ठेवले तरच. पेटी घसरते किंवा थबकते, आणि आडवा शंकू वळण घेतो. मुले प्रथम ‘भोवऱ्यासारखे’, ‘पेटीसारखे’ म्हणतील. ते म्हणू द्यावे. ‘-सारखे’ हा वस्तुनामापासून वर्गनामाकडे जाणारा मराठीचा स्वतःचा पूल आहे. त्यानंतर पडद्याआडच्या सोबत्याकडून केवळ शब्दाने वस्तू मागून घेण्याचा खेळ ठेवावा. हवे ते मिळविण्यासाठी तेथे ‘शंकू’ म्हणावेच लागते.

टाळ्यांच्या खेळात शब्द शिक्षकाच्या समाधानासाठी उच्चारला जातो. या खेळात तो मुलाच्या कामास येतो. बालशाळांतील साधनांचे मूल्यमापन करताना संचात किती आकार आहेत, याआधी मुलास ते नाव उच्चारण्याची गरज कोठे पडते, हे पाहिले जावे.