भांड्यावरचें नांव

घराची सजावट ही स्वतंत्र कला आहे, असें आमच्या आजीच्या पिढीस कधीं वाटलें नाहीं. उंबरठ्यावरची रांगोळी, देवघरांतली समई, माजघरांतल्या फडताळावर ओळीनें मांडलेले पितळी डबे, एवढ्यानें घराला शोभा येई. आणि ती शोभा रोजच्या राबत्यांतूनच येई. हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एक निराळी आवड रूढ झाली आहे. नव्या सदनिकेंत जुना दरवाजा आणून त्याचें मेज करावयाचें, घंगाळांत पाणी भरून फुलें सोडावयाचीं, कंदिलांत विजेचा दिवा बसवावयाचा, आणि या साऱ्यास स्वतःच्या कल्पकतेची जोड द्यावयाची, असें या आवडीचें स्वरूप आहे. ही आवड वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. एकाच कारखान्यांतल्या सामानानें भरलेल्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या घरांपेक्षां असें घर केव्हांही बरें. परंतु घर ही देखील एक रचना आहे, आणि ग्रंथाप्रमाणें तिचीही परीक्षा करतां येते. जुनी वस्तु नव्या घरांत केव्हां शोभते आणि केव्हां ती नुसती उसनी वाटते, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला तो मोहर्ली येथें. चंद्रपूरच्या उत्तरेस, इरई धरणाच्या जलाशयालगत हें गांव आहे. ताडोबाचें जंगल १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. या जंगलांत शिरण्याचें एक प्रमुख द्वार मोहर्लीस असल्यामुळें गांवाभोंवतीं पाहुण्यांसाठीं अनेक निवासस्थानें उभीं राहिलीं आहेत. गेल्या हिवाळ्यांत त्यांपैकीं एकांत आम्ही दोन दिवस उतरलों होतों. भोजनगृहाच्या दाराशींच एक जातें मांडलेलें होतें. वरचा दगड बाजूस ठेवलेला, खुंटा नाहींसा झालेला, आणि तोंडांत झेंडूचीं फुलें खोंवलेलीं. बैलगाडीचें चाक छतास टांगून त्याचें झुंबर केलें होतें. मासे धरण्याचा बांबूचा सांपळा दिव्यावरचें आवरण झाला होता. मांडणी नेटकी होती, आणि रंगांचा मेळही चांगला साधला होता.

वाढावयास आलेल्या तरुणास आम्हीं विचारलें, "हें जातें कोठलें?" तो म्हणाला, "ते काही माहीत नाही जी. पण आमच्या घरी असंच जातं आहे. माय अजून त्याच्यावर डाळ भरडते." एवढें बोलून तो पोळ्या आणावयास गेला. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. परंतु त्या दोन वाक्यांनीं त्या दालनाची जी परीक्षा झाली ती आमच्यानें दहा पानांत झाली नसती. ज्या वस्तूला त्याच्या घरांत काम होतें तिला येथें नुसती जागा होती. तो तिच्याविषयीं सर्व कांहीं जाणत होता, आणि ज्यांनीं ती मांडली त्यांस ती कोणाची होती हेंही ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं जंगलांत जातांना रस्त्याच्या कडेस दगडी खांब दिसले. हे गोंड राजांच्या काळचे असून त्यांतून दोर ओंवून घंटा बांधीत व राजाच्या येण्याजाण्याची वर्दी देत, असें तेथील मार्गदर्शक सांगतात. या खांबांवर नक्षी अशी फारशी नाहीं. तरी ते पाहतांना मन थबकतें. कारण ते आपल्या जागीं आहेत, आणि त्यांची हकीगत सांगणारीं माणसें जवळ आहेत. या जंगलाच्या गाभ्यांतलीं बोटेझरी, नवेगांव, जामणी यांसारखीं गांवें या शतकांत तेथून उठून बाहेर वसलीं. गांव उठतें तेव्हां माणसें आणि गुरें बरोबर निघतात. पण जड उखळ, जातें, जुनी चौकट यांचें काय करावें हा प्रश्न घराघरापुढें पडत असलाच पाहिजे. अशा वेळीं मागें राहिलेली वस्तु कोणाच्या तरी दिवाणखान्यांत पोंचली तर तिला वाईट म्हणावें काय? ती फुटून मातीस मिळण्यापेक्षां हें बरें, असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्य आहे.

त्यावर उत्तर देण्यापूर्वीं आमच्याच घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे; नाहींतर हा दुसऱ्यांस उपदेश होईल. आमच्या लहानपणीं स्टेनलेस स्टीलची नवलाई होती. कल्हई नको, चिंचेनें घांसणें नको, म्हणून आजीचीं तांब्यापितळेचीं भांडीं एकामागून एक मोडींत गेलीं, आणि वजनावर मिळालेल्या पैशांत चकचकीत ताटें घरीं आलीं. त्यांत बिचाऱ्या बायकांचा श्रम वांचला, म्हणून त्यास आम्ही चूक म्हणणार नाहीं. पुढें चाळीस वर्षांनीं आम्हीं एका जुन्या बाजारांतून तसेंच एक घंगाळ, मोडीच्या कितीतरी पट किंमत देऊन, विकत घेतलें. घरीं आणून घांसतांना कांठाखालीं ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलीं अक्षरें उमटलीं. लग्नांत भेट देणाऱ्यानें आपलें नांव घातलें होतें, आणि खालीं तिथि होती. आम्हीं दुकानदारास तें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "यंत्रावर घांसून काढून देतों, दिसणारसुद्धां नाहीं." त्या क्षणीं आम्हांस उमगलें कीं, आपण जिला सजावट म्हणतों तिचा बराचसा भाग म्हणजे दुसऱ्याचें नांव पुसणें होय. आपल्या आजीच्या भांड्यांवरचीं नांवेंही अशींच कोठेंतरी पुसलीं गेलीं असतील.

येथें पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचें उदाहरण आठवतें. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या आणि चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थानें १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, कुलपें, वज्र्या, वाद्यें, कोरीव दारें, अशा वस्तूंनीं त्यांचें घर भरलें. १९६० पर्यंत त्यांची संख्या सुमारें १५,००० झाली. १९६२ त संग्रहालय स्थापन झालें, आणि १९७५ त केळकरांनीं तें राज्य सरकारच्या हवालीं केलें. त्यास त्यांनीं नांव दिलें तें अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें. केळकरांनींही वस्तू लोकांच्या घरांतून बाहेर आणल्याच. मग मोहर्लीच्या जात्यांत आणि त्यांच्या अडकित्त्यांत भेद कोणता? भेद हा कीं, केळकरांच्या संग्रहांत अडकित्ता हा अडकित्ताच राहतो. तो कोणीं घडविला, कोणाच्या हातीं होता, हें विचारण्याची बुद्धि पाहणारास होते. दिवंगत मुलाचें नांव जपणाऱ्या बापानें जमविलेल्या त्या वस्तूंतून कितीतरी अनामिक घरांची आठवण राहिली आहे.

तरीही घर म्हणजे संग्रहालय नव्हे. आनंद कुमारस्वामी यांनीं स्वतः बॉस्टनच्या संग्रहालयांत दीर्घ काळ काम केलें. पण तेथें ठेवलेल्या वस्तू मूळच्या वापरासाठीं घडविलेल्या आहेत, हें ते नेहमीं बजावीत आले. इंग्लंडांत विल्यम मॉरिस यांनीं १८८० सालच्या एका व्याख्यानांत घरांतल्या वस्तूंना उपयोग किंवा सौंदर्य यांपैकीं एका तरी कसोटीस लावावें असें सुचविलें होतें. जुन्या वस्तूंसाठीं आम्ही यांत तिसरी कसोटी जोडूं: घरानें त्या वस्तूबद्दल जबाब देतां आला पाहिजे. आपल्या देशांत १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तींस त्या परदेशीं नेतां येत नाहींत. पण पन्नास वर्षांच्या घंगाळावरचें नांव कोणताही कायदा राखूं शकत नाहीं. तें राखणें घराच्याच हातीं आहे.

आणि कल्पकतेचें काय? ती आपल्याकडे नव्यानें आलेली नाहीं. आजीच्या विरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवणारी स्त्री जुन्याचें नवेंच करीत असे. पण कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हें तिला सांगतां येई, आणि ती गोधडी नातवंडांच्या अंगावर पडे. जुनी वस्तु, स्वतःचा हात, घरची आठवण आणि रोजचा उपयोग या चारही गोष्टी तींत एकत्र आल्या आहेत. याच जिल्ह्यांत बुरुडांच्या हातच्या टोपल्या आणि सुपें आहेत, भद्रावतीचीं मातीचीं भांडीं आहेत. शेजारीं आरमोरीकडे टसरचें रेशीम विणलें जातें. ज्यास मोहर्लीची आठवण घरीं न्यावयाची असेल त्यानें कोणाचें तरी जातें उचलून आणण्यापेक्षां घडविणाऱ्यास नांव विचारून एक टोपली घ्यावी, आणि तींत भाजी आणावी. त्यानें घरही सजेल आणि घडविणाराचा हातही चालता राहील.

तें जातें तेथेंच राहणार असेल तर राहो. पण त्याचा दगड पुन्हां दगडावर बसवावा, खुंटा ठोकावा, आणि त्या तरुणाच्या आईस एकदां बोलावून पाहुण्यांसमोर मूठभर डाळ भरडवावी, तिच्या श्रमाचें मोल देऊन. आमच्या घंगाळाविषयीं म्हणाल तर तें आतां दिवाणखान्यांत नाहीं. दिवाळीच्या पहाटे त्यांत ऊन पाणी काढतों, आणि मुलांनीं विचारलें म्हणजे कांठाखालचें तें परक्याचें नांव त्यांस वाचून दाखवितों.