वॉल्टर कॉफमन यांची 'भारतीय' वाद्यवृंदरचना : एक परामर्श

तानपुऱ्याच्या आधारावर व्हायोलिनमधून उमटणारी आकाशवाणीची संकेतधून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. तिचे रचनाकार वॉल्टर कॉफमन (१९०७–१९८४) मात्र बहुतेकांना अपरिचितच राहिले. बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेतलेले हे ज्यू संगीतकार नाझी राजवटीमुळे १९३४ साली मुंबईस आले व १९४६ पर्यंत येथे राहिले. बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदाने डेव्हिड रॉबर्ट कोलमन यांच्या संचालनाखाली सादर केलेली त्यांची ध्वनिमुद्रिका २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत 'इंडियन सिंफनी' (१९४३), 'सिक्स इंडियन मिनिएचर्स' (१९६५), तिसरी सिंफनी व तिसरा पियानो कन्चेर्टो या रचना असून पियानोवादन एलिझावेता ब्लुमिना यांचे आहे.

या रचनांचे परीक्षण करताना मूलभूत अडचण प्रथम लक्षात घ्यावयास हवी. सिंफनीचा विस्तार स्वरसंवादाच्या व आधारस्वराच्या पालटावर उभा असतो. राग एकाच षड्‌जाशी निष्ठा राखून विस्तारतो. सुरावटीचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या आधारस्वरांवर फिरविले, की स्वर तेच राहूनही रागाचे चलन हरपते. पियानोच्या बाबतीत ही अडचण दुणावते, कारण त्याच्या बांधीव स्वरांतून मींड निघू शकत नाही. छोट्या 'मिनिएचर्स'ना हा ताण सोसावा लागत नाही. सिंफनीच्या दीर्घ आकृतिबंधात तो लपत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. गोंड व बैगा यांच्या लोकगीतांवर कॉफमन यांनी १९४१ साली अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध केला. पुढे १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर ग्रंथ लिहिला. संशोधक या नात्याने ते जमात, प्रदेश व राग यांचा नेमका निर्देश करतात. संगीतकार या नात्याने मात्र त्यांना 'इंडियन' ही एकच सैल संज्ञा पुरते. बार्तोक यांनी स्वतः संकलित केलेल्या लोकगीतांची घडणच आपल्या रचनेची घडण बनविली. कॉफमन यांच्या बाबतीत संग्राहक व रचनाकार यांच्यात तितके ऐक्य साधलेले दिसत नाही.

तथापि त्यांची भूमिका उपेक्षणीय नाही. भारतीय संगीत प्रथम ऐकताना त्यांना ते अगम्य वाटले; परंतु लाखो लोकांना जे प्रिय आहे ते निरर्थक असणे शक्य नाही, उणीव आपल्याच श्रवणात आहे, असे मानून त्यांनी अभ्यास आरंभिला. ही बौद्धिक विनम्रता दुर्मिळ होय. ज्या बर्लिनमध्ये त्यांची विद्या घडली, तेथील वाद्यवृंदाने त्यांचे मुंबईतील कार्य पुन्हा ध्वनित केले आहे. त्याचे साक्षेपी मूल्यमापन करण्याची जबाबदारी आता येथील अभ्यासकांवर आहे. कारण चलन कोठे टिकले व कोठे ढळले, याचा निर्णय राग जाणणारा कानच करू शकेल.